हाताने बनवलेल्या पेनाचं डिझाइन कोणाचं?

चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात बांबूकाम अनेकांचं पोट भरतं. समजा, ऊर्जानगरमधल्या कारागिराने बांबूच्या पेनाला नवा आकार दिला आणि दुसऱ्याने तो हुबेहूब उचलला. मग हक्क कोणाचा?

नवं डिझाइन असेल तर
डिझाइन कायदा, 2000 नुसार त्याची नोंदणी करता येते. हक्क 10 वर्षांचा असतो, तो आणखी 5 वर्षं वाढवता येतो. मात्र अर्जाआधीच पेनाचा फोटो सोशल मीडियावर टाकला, तर नोंदणी नाकारली जाऊ शकते.

नोंदणी केलीच नाही तर
कॉपीराइट कायद्याच्या कलम 15 नुसार, नोंदणीयोग्य डिझाइनच्या औद्योगिक पद्धतीने 50 पेक्षा जास्त प्रती निघाल्या की त्यावरचा कॉपीराइटही संपतो. डिझाइन कायद्याच्या व्याख्येत हाताने केलेलं कामही औद्योगिक प्रक्रियेत मोडतं.

पिढीजात नक्षी असेल तर
ती नवीन नसल्याने कोणा एकाच्या नावावर होत नाही. अशा वस्तूंसाठी भौगोलिक मानांकन (जीआय) असतं. पण ते मुख्यतः नावाला संरक्षण देतं. कोल्हापुरी चपलेला जीआय आहे. तरी 2025 मध्ये प्राडाने मिलानमध्ये तशाच चपला ‘कोल्हापुरी’ हे नाव न घेता दाखवल्या.

थोडक्यात, आधी अर्ज, मग प्रदर्शन.