भोपळ्याचं वजन

तंबोरा पहिल्यांदा उचलणाऱ्याला नवल वाटतं ते त्याच्या हलकेपणाचं. माणसाच्या छातीला लागेल एवढं उंच वाद्य, भोपळा घागरीपेक्षा मोठा, आणि वजन जेमतेम चार-पाच किलो! आत सगळी पोकळी. त्या पोकळीमुळेच सूर घुमतो. पण हेच वाद्य विमानात चढलं की तो हलकेपणा कसा अंगाशी येतो, ते आज सांगायचं आहे.

आमच्या मिरजेत हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला उभा राहिला. शिकलगार घराणी मूळची शस्त्रांना धार लावणारी. तलवारींचे दिवस सरले, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तेच हात तंतुवाद्यांकडे वळवले. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. तो वेलीवर जसा वाढेल तसा. त्याला मापात घडवता येत नाही. महिनोन्‌महिने वाळवायचा, मग त्यावर तबली, गळा, दांडी बसवायची. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सरकारदरबारी नाव लागायला पावणेदोनशे वर्षं गेली म्हणायची.

रेल्वेच्या काळात तंबोरा गवसणीत घालून गवयाबरोबरच डब्यात बसायचा. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचा शेवटचा प्रवास आठवा. १९३७ साली मद्रासेहून पाँडिचेरीला जाताना त्यांना गाडीत अस्वस्थ वाटू लागलं. सिंगपेरुमलकोइल या लहानशा स्टेशनात ते उतरले. तिथंच फलाटावर त्यांनी तंबोरा जुळवायला सांगितला, असं सांगतात. शेवटच्या घटकेलाही वाद्य हाताशी होतं. विमानानं ही सोबत मोडली. माणूस वर खुर्चीत, तंबोरा खाली सामानात. मधे किती हात, किती पट्टे, किती गाड्या!

आणि तो फुटला तर? त्याचा कायदा १९२९ साली पोलंडमध्ये, वॉर्सा इथं ठरला. आपल्याकडे तो १९३४ च्या आणि पुढं १९७२ च्या कायद्यानं आला. खाली दिलेल्या सामानाची भरपाई किलोला जास्तीत जास्त २५० सुवर्ण फ्रँक, म्हणजे पुढच्या हिशेबानं सुमारे वीस डॉलर. पाच किलोच्या तंबोऱ्याचे झाले शंभर. तीस किलोच्या कपड्यांच्या पेटीचे सहाशे! वाद्य जितकं हलकं, तितकी त्याची किंमत कमी. कायदा करणाऱ्यांसमोर ट्रंका असणार, भोपळा नव्हता.

१९९९ च्या मॉन्ट्रियल करारानं वजनाचा काटा काढून टाकला. भारत त्यात २००९ साली सामील झाला. आता मर्यादा माणशी आहे. नाणेनिधीच्या एसडीआर या हिशेबी चलनात ती २०२४ च्या डिसेंबरअखेर १,५१९ झाली, म्हणजे साधारण दोन हजार डॉलर. त्याहून मौल्यवान वस्तू असेल, तर सामान देतानाच किंमत लेखी जाहीर करून जादा पैसे भरायची सोय आहे. ही सोय १९२९ पासूनच होती. पण किती गवयांना कुणी ती सांगितली? तक्रार लेखी हवी, तीही सामान हाती आल्यापासून सात दिवसांत. शिवाय एक मेख आहे. वस्तूच्या अंगच्या दोषानं नुकसान झालं असेल, तर कंपनी जबाबदार नाही. आता भोपळ्याचा पातळपणा हा त्याचा दोष की गुण, हे वकिलानं ठरवायचं!

अमेरिकेत गायक डेव्ह कॅरोल यांची गिटार २००८ मध्ये शिकागोच्या विमानतळावर मोडली. दुरुस्तीचे बाराशे डॉलर मिळेनात, तेव्हा त्यांनी २००९ मध्ये त्यावर गाणंच केलं आणि ते जगभर वाजलं. २०१२ साली तिथल्या कायद्यात वाद्यांसाठी कलम आलं: जागा असेल तर लहान वाद्य बरोबर न्यावं, मोठ्यासाठी वेगळी खुर्ची विकत घेता यावी. आपल्याकडे डिसेंबर २०२५ मध्ये अनुष्का शंकर यांनी विमानप्रवासात तडकलेली सतार लोकांना दाखवली, तेव्हा बातमी झाली. नाव मोठं होतं म्हणून झाली. साथीला बसणाऱ्याच्या तंबोऱ्याची बातमी होत नाही. १९७९ साली बंगळूरच्या राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा केला. तो पिशवीत मावतो. त्यामुळे परदेशच्या बैठकीत पुष्कळदा भोपळा दिसतच नाही, आणि मिरजेतलं काम तेवढं कमी होतं.

मध्यंतरी एका कारागीर मित्राकडे बसलो होतो. समोर गळ्यापाशी निखळलेला, भोपळ्याला हातभर चीर गेलेला तंबोरा. सांधा धरेल, चीर सरस लावून बुजवता येईल, पण जवारी पुन्हा पहिल्यासारखी बोलेल याची हमी तो देईना. वाद्याच्या मालकिणीला भरपाईसाठी त्याचा दाखला हवा होता. कंपनीच्या अर्जात एक रकाना होता: वस्तू किती वर्षं वापरली? वर्षागणिक किंमत कमी धरणार, हे उघड होतं.

“कवीसाहेब, तुम्हीच लिहा,” तो म्हणाला. “चाळीस वर्षं वाजलाय. नव्याला हा आवाज यायला अजून चाळीस लागतील. हे कुठल्या रकान्यात बसतं बघा.”

मी रकान्यात ‘४०’ लिहिलं आणि बाकीचं वेगळ्या कागदावर लिहून अर्जाला जोडलं. सातांपैकी पाच दिवस उलटले होते. कागद त्याच दुपारी रजिस्टरनं गेला.