गोळीतला सुवास : झाडाचा आणि कारखान्याचा

लहानपणी कळवणच्या आठवडे बाजारात वडिलांचे बोट धरून फिरताना माझे सारे लक्ष असे ते किराणा दुकानातल्या काचेच्या बरणीकडे. बरणीत लिमलेटच्या गोळ्या असत; एखादे वेळी रावळगावची गोळी मिळे. गोळी आंब्याची म्हणवते, मग तीत आंबा किती? हा प्रश्न त्या वयात सुचत नाही. आज इतिहासाचा मास्तर या नात्याने तो विचारावासा वाटतो.

गोडाला सुवास देण्याची आपली रीत जुनी. पुरणात जायफळ, लाडवात वेलदोडा, श्रीखंडात केशर, माठात वाळा. हे सुवास उडून जाणारे असतात. म्हणून तर घरातली बाई वेलदोड्याची पूड सर्वांत शेवटी घालते! कारखान्यातही हाच नियम. कडक गोळीचा पाक सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत आटवतात. त्यात आंब्याचा रस ओतला तर वास उडेल आणि गोळी चिकट होईल. तेव्हा पाक थोडा निवल्यावर अर्काचे थेंब घालतात.

हा अर्क येतो कोठून? संत्र्याच्या सालीतून, पुदिन्याच्या पानातून तेल निघते. हा झाला निसर्गाचा अर्क. दुसरा रसायनशाळेतला. लंडनला १८५१ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनात नासपतीच्या आणि अननसाच्या वासाचे कृत्रिम अर्क मांडले होते. गंमत पाहा, अननसाचा तो सुवास खवट लोण्याच्या आम्लापासूनही तयार होई!

व्हॅनिलाची कथा मात्र करुण आहे. मूळ मेक्सिकोची ही वेल परदेशी फुले, पण तिला शेंग धरेना. १८४१ मध्ये रेयुनियन बेटावरील एदमों आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने हाताने परागीकरण करण्याची सोपी युक्ती शोधली. त्या युक्तीवर मोठा व्यापार उभा राहिला. १८४८ मध्ये गुलामगिरी संपून एदमों मुक्त झाला, पण १८८० मध्ये वारला तो दारिद्र्यातच. तत्पूर्वी, १८७४ मध्ये, टीमान आणि हारमान या जर्मन शास्त्रज्ञांनी सूचिपर्णी वृक्षांतील द्रव्यापासून व्हॅनिलिन बनवले होते. शेंगेतले व्हॅनिलिन आणि हे व्हॅनिलिन, रेणू एकच. शेंगेत आणखी अनेक सुवास मिसळलेले असतात, एवढाच फरक.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. गिरणा नदी कळवण तालुक्यात उगम पावते आणि पुढे मालेगावाकडे जाते. त्या मालेगाव तालुक्यात वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये रावळगावची साखर कंपनी स्थापन केली. १९४२ पासून तेथे गोळ्या होऊ लागल्या आणि ‘पान पसंद’, ‘मँगो मूड’ ही नावे घरोघर पोचली. २०२४ मध्ये या गोळ्यांच्या नावांचे आणि पाककृतींचे हक्क रिलायन्सच्या कंपनीने २७ कोटी रुपयांना घेतले. चवीच्या आठवणीलाही बाजारात भाव असतो, तो असा.

मग झाडाचे ते चांगले आणि कारखान्याचे ते वाईट, असे म्हणावे काय? इतिहास तसे सांगत नाही. टोंका नावाची शेंग झाडाचीच. पण तिच्यातले कुमारिन यकृताला अपायकारक, म्हणून आपल्या कायद्याने ती स्वादासाठी वर्ज्य केली आहे. आणि १८५८ मध्ये इंग्लंडात ब्रॅडफर्ड येथे पेपरमिंटच्या गोळ्या खाऊन सुमारे २० माणसे दगावली. दोष पेपरमिंटचा नव्हता. साखर वाचवण्यासाठी घालायच्या स्वस्त भुकटीऐवजी चुकून सोमल विकला गेला होता! त्यानंतर दोनच वर्षांत तेथे भेसळीविरुद्ध कायदा झाला. आपल्याकडे तो १९५४ मध्ये आला. त्याची जागा आता २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घेतली आहे. पाकिटावर स्वादाची नोंद करावी लागते, ती अशा अनुभवांतून.

पण जत्रेतल्या सुट्या गोळीवर चिठ्ठी कुठली? आणि असली, तरी ती वाचणार कोण? गुरुजी, हे काम आपले. वर्गात एक प्रयोग करून पाहा. मुलांना पाकिटातली गोळी द्या, नाक चिमटीत धरायला सांगा. जिभेला फक्त गोड-आंबट लागेल. मग नाक सोडा, आणि आंबा हजर! नंतर पाकिटावरील बारीक अक्षरे मोठ्याने वाचून घ्या. नाक फसते; वाचणारा सहसा फसत नाही.