मरीआईचा गाडा आणि रोगाचे कारण

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घराण्यांची मुळे धुळे, जळगाव, नंदुरबारकडची. आजीच्या तोंडून आपण मरीआईच्या गाड्याची गोष्ट ऐकलेली असते. गावात पटकी शिरली की लाकडी गाडा करायचा, त्यात मरीआईला बसवायचे, नैवेद्य ठेवायचा आणि वाजतगाजत तो शिवेपार नेऊन सोडायचा. शेजारचे गाव सकाळी जागे होई तेव्हा गाडा त्यांच्या हद्दीत. मग ते तो आणखी पुढे ढकलीत.

या गोष्टीला हसणे सोपे आहे. वैद्यकाचा इतिहास वाचताना मला मात्र वारंवार वाटत आले की रोगाचे कारण सांगणारी प्रत्येक उपपत्ती एक गाडाही तयार करते. ‘रोग कशाने होतो?’ या प्रश्नाला चिकटूनच दुसरा प्रश्न येतो : ‘मग शिवेबाहेर कोणाला काढायचे?’ या दुसऱ्या प्रश्नाबद्दल मला आपल्याशी बोलायचे आहे.

सुरुवात आपल्याच ग्रंथापासून करू. चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय जनपदोद्ध्वंसाचा, म्हणजे साथीने देश उजाड होण्याचा आहे. गंगाकाठी कांपिल्य नगरीजवळ अग्निवेश गुरूंना विचारतो : माणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, वय वेगळे, बळ वेगळे, मग सगळे एकाच वेळी एकाच रोगाने का मरतात? प्रश्न आजच्या कोणत्याही परीक्षेत शोभेल असा आहे. पुनर्वसु आत्रेय उत्तर देतात की वायू, जल, देश आणि काल या चार गोष्टी सर्वांना समान आहेत. त्या बिघडल्या की सारेच बिघडते. त्या का बिघडतात? अधर्मामुळे. आणि अधर्माची सुरुवात देशाच्या व नगराच्या प्रमुखांपासून होते, असेही तिथे सांगितले आहे. चरकांना जंतू ठाऊक नव्हते. तरी त्यांचा गाडा गरिबाच्या झोपडीकडे गेला नाही. तो कारभाऱ्यांच्या दारात उभा राहिला.

युरोपातही शतकानुशतके दोष हवेवर होता. सडक्या जागेतून विषारी वाफ निघते आणि तिने रोग होतो, असे मत होते. मलेरिया या शब्दाचा मूळ इटालियन अर्थच ‘वाईट हवा’. दुसरा पक्ष संसर्गाचा. इटलीच्या फ्राकास्तोरोने १५४६ साली रोगाची बीजे माणसाकडून माणसाकडे जातात असे लिहिले. आमचे हानेमान यांनी जुनाट रोगांसाठी ‘मायझम’ हा शब्द वापरला, आणि १८३१ च्या पटकीच्या साथीत तिचे कारण डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म सजीव असावेत असे मांडले. तो तर्क होता, पुरावा नव्हता. लंडनच्या जॉन स्नोने १८५४ साली मृत्यूंची ठिकाणे तपासून पटकी पाण्यातून पसरते हे दाखवले, तेव्हा अनेकांनी ते मानले नाही. जंतू नजरेसमोर ठेवणे रॉबर्ट कॉख यांच्या पिढीला जमले.

आता मुंबईकडे वळू. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. त्याआधी दोनच वर्षे हाँगकाँगमध्ये यर्सिन यांनी त्याचा जंतू शोधला होता. म्हणजे जंतू माहीत होता, पण तो माणसापर्यंत कसा पोहोचतो हे माहीत नव्हते. त्या रिकाम्या जागेत जुनी उपपत्ती शिरली. गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडले गेले. घरात ऊन यावे म्हणून छपरे उघडली, सामान जाळले, माणसे बळाने इस्पितळात नेली. पुण्यात १८९७ साली रँडच्या कमिटीने घराघरांत सोजीर घातले. त्याचा शेवट २२ जूनच्या गोळीबारात झाला हे आपण शाळेत शिकलो. त्याच पुण्याजवळ सावित्रीबाई फुले प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. रोग एक, शहर एक. कोणी माणसाला घराबाहेर ओढले, कोणी पाठीवर घेतले.

खरी वाट १८९८ साली कराचीत सापडली. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने आजारी उंदराच्या वर जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर टांगला. दोघांचा स्पर्श नव्हता, मध्ये फक्त पिसवांची उडी. निरोगी उंदीरही प्लेगने मेला. अनेक वर्षे हे कोणी फारसे मनावर घेतले नाही. १९०५ पासून मुंबईत काम करणाऱ्या प्लेग आयोगाने तसेच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केले, तेव्हा ते मान्य झाले. गटारांत ओतलेल्या औषधाचा पिसूशी काही संबंध नव्हता.

यर्सिन यांच्या शोधाला बरोबर शंभर वर्षे झाली आणि प्लेग आपल्या सुरतेत आला. सप्टेंबर १९९४. तापीचे पाणी शहरात शिरून ओसरले होते, चिखलात मेलेली जनावरे होती, गणेशविसर्जन नुकतेच झाले होते. वेडरोड भागातून फुप्फुसाच्या प्लेगच्या बातम्या आल्या आणि काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून गेली.

त्यांत मी होतो. वय तिशीतले, लिंबायतमध्ये दवाखाना. चौथ्या दिवशी मी शटर ओढले. होमिओपॅथ असूनही टेट्रासायक्लिनच्या गोळ्या स्वतः घेतल्या, घरच्यांना दिल्या आणि उधन्याहून भुसावळकडची गाडी धरली. सासुरवाडीच्या वेशीवर सासरे उभे होते. म्हणाले, “जावईबापू, रागावू नका. चार दिवस मळ्यातल्या खोलीत राहा.” मनातून मी चिडलो; पण वैद्यकाच्या दृष्टीने त्यांचेच बरोबर होते. दोन्ही वेळा ताट येत होते, सूर्यास्ताआधी, आमचा नेम सांभाळून. त्याच गाडीतून उतरलेले लूमवरचे मजूर मात्र गावाबाहेर झाडाखाली होते. त्यांना ताट नव्हते, “सुरतवाले” एवढेच नाव होते. वेगळे ठेवणे आणि ढकलून देणे यांतला फरक मला त्या मळ्यात कळला. वेगळे ठेवलेल्याला ताट येते.

परत आल्यावर एका म्हाताऱ्या पेशंट बाईंनी विचारले, “डॉक्टर, तुम्ही होतात कुठे?” माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या काळात शहरात ऐकू येत होते की रोग झोपडपट्टीने आणला, बाहेरून आलेल्यांनी आणला. ती बाहेरून आलेली माणसे म्हणजे आपणच होतो, वाचकहो. तो रोग प्लेगच होता का, यावरही बराच वाद झाला. पुढे जनुकीय तपासणीतून प्लेगच्या जंतूची खूण मिळाली. पण जंतूचे नाव शंभर वर्षे माहीत असून कचरा उचलला गेला नव्हता, ही गोष्ट कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय दिसत होती.

१९९५ साली एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. कचरा रोज उचलला जाऊ लागला, अधिकारी सकाळी रस्त्यावर दिसू लागले, आणि दीड-दोन वर्षांत सुरतेचे नाव स्वच्छतेसाठी घेतले जाऊ लागले. चरकांचा गाडा पुन्हा योग्य दारात उभा राहिला. उंदीर मारावा की नाही, हा आमच्या जैन घरातला जुना पेच आहे. उकिरडा उठला, धान्याच्या कोठ्या झाकल्या, की त्या पेचाची धारही कमी होते.

रोगाला जंतू लागतो, यात मला शंका नाही. प्लेगला टेट्रासायक्लिन लागते. तिथे माझी गोळ्यांची पेटी बंद, हेही मी नव्या पिढीच्या डॉक्टरांना सांगतो. पण जंतू कोणाच्या घरी आधी जातो हे पाणी, गटार, दाटी आणि कारभार ठरवतात. २०२० साली याच शहरातून माणसे पायी निघाली आणि गावोगावी वेशीवर अडवली गेली, तेव्हा मी दवाखाना उघडा ठेवला. त्यात शौर्य नव्हते. जुने देणे होते.

पुढची साथ येईल तेव्हा तिचे कारण शास्त्रज्ञ शोधतील. गाडा कोणाच्या शिवेत ढकलला जातो आहे, आणि शिवेबाहेर थांबलेल्याला ताट पोहोचते आहे का, एवढे आपण पाहावे. त्या म्हाताऱ्या बाईंना जे उत्तर मी देऊ शकलो नाही, ते उशिरा का होईना, इथे लिहून ठेवतो : मी पळालो होतो. क्षमा असावी.