नगरसेवकाची वही कोणी वाचायची?

आज आपण जबलपूरला जाणार आहोत, पण भेडाघाटचे संगमरवर बघायला नाही. आजचा विषय आहे नगरसेवक. तिकडे त्याला पार्षद म्हणतात. त्याचा धंदा काय, भागीदारी कुणाशी, पालिकेच्या कुठल्या कामात घरच्यांचा वाटा आहे का, आणि पदावर असताना कुणी त्याला काय भेट दिली, हे मतदाराला कळण्याची सोय आपल्याकडे कधी होती का? आणि आज आहे का?

सुरुवात थोडी मागून करू. अठराव्या शतकाच्या अखेरीस जबलपूर मराठ्यांकडे आले. आधी सागरकरांकडे, मग नागपूरकर भोसल्यांकडे. १८१७ साली ते इंग्रजांनी घेतले. त्या काळच्या मराठी राज्यकारभारातले दोन शब्द मला इथे महत्त्वाचे वाटतात : दरबारखर्च आणि अंतस्थ. पेशवाईतला मामलेदार दरबारातल्या कारभाऱ्यांना आणि हिशेब तपासणाऱ्यांना गुपचूप काही रक्कम देई. ते अंतस्थ. १८१९ साली एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखावर अहवाल लिहिला. त्यात तो सांगतो की ही लाच हळूहळू ठरलेली रक्कम बनली, हिशेबात चढली, आणि इतर खर्चासारखी तपासलीही जाऊ लागली. पण लाच द्यायची गरज काही संपली नाही. मग वरून नवी वसुली सुरू झाली.

गंमत बघा. नोंद होती, तपासणीही होती, आणि तरी उपयोग झाला नाही. कारण वही लिहिणारे आणि तपासणारे एकाच दरबारातले. ज्या रयतेच्या खिशातून पैसा जात होता, तिच्यासाठी ती वही नव्हतीच. नुसती नोंद पुरत नाही, ती वाचणारा कोण हे पाहावे लागते. आजच्या सगळ्या बोलण्याचा धागा हाच आहे.

इंग्रजांनी काय केले? त्यांच्या कंपनीचे नोकर बंगालमध्ये नजराणे घेऊन गबर झाले होते. म्हणून १७६५ मध्ये नजराणे न घेण्याचे करारनामे त्यांच्याकडून लिहून घेतले गेले. नियम झाला, पण पळवाट उरली. नाताळात साहेबाच्या बंगल्यावर फळामिठाईची डाली जायची, ती जातच राहिली. पुढे सरकारी नोकरांच्या वर्तणुकीचे नियम आले : कुठली भेट घ्यायची, कुठली नाही, कुठली वरिष्ठांना कळवायची. म्हणजे वही आली, पण वाचणारा पुन्हा वरिष्ठच.

आता पालिकेकडे येऊ. जबलपूरची नगरपालिका १८६४ सालची. १८८२ मध्ये लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला, आणि मध्य प्रांतात १८८९, १९०३ आणि १९२२ असे नगरपालिकांचे कायदे झाले. १८ मार्च १९२३ रोजी जबलपूरच्या टाऊन हॉलवर सत्याग्रहींनी तिरंगा चढवला. त्यांत पंडित सुंदरलाल होते, सुभद्राकुमारी चौहान होत्या. तो सत्याग्रह पुढे नागपूरला गेला आणि देशभर गाजला. पालिकेची इमारत सरकारची नाही, ती आमची आहे, असे त्या लोकांनी सांगितले. मला मात्र पुढचा प्रश्न पडतो. इमारत आमची झाली, पण आतली कपाटे आमची झाली का?

१९५० मध्ये जबलपूर महानगरपालिका झाली. पुढे १९५६ चा मध्य प्रदेशचा महानगरपालिका कायदा आला, तो दुरुस्त्यांसह आजही चालू आहे. पालिकेच्या ठेक्यात ज्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे, तो नगरसेवक राहायला अपात्र, हे तत्त्व त्यात आहे. महाराष्ट्रात १९४९ चा कायदा हेच सांगतो. त्यात अपवादही आहेत. उदाहरणार्थ, पालिकेची जाहिरात छापणाऱ्या वृत्तपत्रात हिस्सा असला, किंवा ठेका असलेल्या कंपनीचा तो नुसता भागधारक असला, तर अपात्रता लागत नाही.

नियम चांगला आहे. पण तो चालतो कसा? कुणीतरी तक्रार करायची, पुरावा आणायचा, मग सुनावणी. पुरावा कुठून आणायचा? ठेकेदाराच्या फर्ममध्ये नगरसेवकाचा मेहुणा भागीदार आहे, हे गल्लीतल्या माणसाला ऐकून माहीत असते, कागदावर नसते. शिक्षा ठरलेली आहे आणि पुरावा शोधायचे काम नागरिकावर आहे, तेही अंधारात.

मोठा बदल झाला तो २००२ मध्ये. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी ठरवले की उमेदवाराची मालमत्ता, देणी, शिक्षण आणि गुन्हेगारी प्रकरणे जाणून घेणे हा मतदाराचा हक्क आहे. मार्च २००३ च्या निकालाने तो पक्का झाला. हा निकाल संसद आणि विधानसभांपुरता होता. नंतर राज्य निवडणूक आयोगांनी तीच शपथपत्रे पालिकांच्या उमेदवारांकडूनही घ्यायला सुरुवात केली. जुलै २०२२ मध्ये जबलपूरच्या ७९ वॉर्डांची निवडणूक झाली, तेव्हाही उमेदवारांची शपथपत्रे होतीच.

शपथपत्राचे मोल मी कमी करत नाही. पण ते काय दाखवते? अर्ज भरण्याच्या दिवशीची मालमत्ता. ते एक छायाचित्र आहे. पुढच्या पाच वर्षांत काय बदलले, ते त्यात दिसत नाही. मालमत्ता आणि हितसंबंध या गोष्टीही वेगळ्या. माझ्याकडे दोन एकर जमीन आहे, ही मालमत्ता. त्या जमिनीवरून पालिकेचा नवा रस्ता जाणार आहे आणि मी त्या ठरावावर मत देणार आहे, हा हितसंबंध. आणि भेटवस्तूंचा तर त्यात रकानाच नाही. दिवाळीला कुणी काय पाठवले, मुलीच्या लग्नाचा मांडव कुणी घातला, हे कुठल्याच कागदावर येत नाही.

इथे एक विचित्र गोष्ट दिसते. पालिकेच्या कर्मचाऱ्याला महागडी भेट मिळाली, तर सेवानियमांनुसार ती कळवावी लागते. ज्या नगरसेवकाच्या मताने ठेका मंजूर होतो, त्याला तशी सर्वसाधारण नोंदवही नाही. तो लोकसेवक नाही म्हणून? तसेही नाही. राजस्थानातल्या बांसवाड्याच्या एका नगरसेवकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले की भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या दृष्टीने नगरसेवक लोकसेवकच आहे. म्हणजे लाच घेतली तर तुरुंग. पण त्याआधीची पायरी, म्हणजे साधी जाहीर नोंद, ती नाहीच.

इतरत्र काय आहे? कर्नाटकच्या १९७६ च्या कायद्यात नगरसेवकाने दरवर्षी मालमत्तेचे विवरण महापौरांकडे द्यायचे असते. आपल्या बेळगावलाही तोच कायदा लागू आहे. तिथे फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन नगरसेवकांना प्रादेशिक आयुक्तांनी अपात्र ठरवले. कारण, खाऊ कट्ट्यातले पालिकेचे गाळे त्यांच्या पत्नींच्या नावे होते. त्याविरुद्ध ते वर दाद मागायला गेले. अंतिम बरोबर कोण, हा आजचा मुद्दा नाही. गाळा हा डोळ्यांना दिसणारा हितसंबंध आहे, दुकानावर पाटी असते, म्हणून तो सापडतो. कागदोपत्री भागीदारीला पाटी नसते.

इंग्लंडलाही हे सहज सुचले नाही. पूल्सन नावाच्या वास्तुविशारदाने पालिकांची कामे मिळवण्यासाठी पैसे वाटले. त्या प्रकरणात न्यूकॅसलचा बडा पुढारी टी. डॅन स्मिथ १९७४ मध्ये तुरुंगात गेला. आज तिथे २०११ च्या कायद्यानुसार नगरसेवकांच्या आर्थिक हितसंबंधांची नोंदवही लोकांना पाहायला खुली असते आणि संकेतस्थळावर टाकली जाते. भेटींसाठी तिथल्या पालिकांच्या संघटनेची २०२० ची आदर्श संहिता आहे : ५० पौंड किंवा जास्त किमतीची भेट २८ दिवसांत नोंदवा.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे माहितीचा अधिकार आहे ना? आहे, ऑक्टोबर २००५ पासून. पण जो कागद कार्यालयात आहे तोच मागता येतो. जी वही कधी लिहिलीच नाही, ती मागायची कशी? त्यात २०२३ च्या व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले खासगी माहितीचे कलम बदलून सवलत अधिक रुंद केली.

खासगीपणाचा मुद्दा खोटा नाही. नगरसेवकाच्या घरचे दवाखान्याचे बिल बघायचा हक्क मला नको, त्याच्या पत्नीचे दागिने मोजायचे नाहीत. मला हवे आहे ते एवढेच : पदाशी ज्याचा संबंध येतो तेवढे. कुठल्या फर्ममध्ये वाटा, पालिकेच्या हद्दीत कुठे जमीन, कुठल्या ठेकेदाराशी नाते, आणि ठराविक किमतीवरची भेट. एक पान पुरेल. महिन्याला एकदा सुधारायचे आणि वॉर्ड कार्यालयात टांगायचे.

जबलपूर स्टेशनसमोर राजा गोकुळदासांच्या नावाची धर्मशाळा आहे. शहराला दिलेल्या देणगीवर नाव कोरायची आपली जुनी चाल आहे, आणि ती चांगली आहे. शहराला कुणी काय दिले ते दगडावर असते. शहराच्या प्रतिनिधीला कुणी काय दिले, ते निदान कागदावर असावे, आणि तो कागद या वेळी दरबाराने नव्हे, रयतेने वाचावा.

तुमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाचे शपथपत्र तुम्ही कधी उघडून पाहिले आहे का? नसेल, तर आजच पाहा. निदान जे उघडे आहे, ते तरी वाचू या.