मुख-सायनस छिद्र

वरची दाढ काढल्यावर तोंड आणि सायनस यांच्यामध्ये पडणारे भोक. गालाच्या हाडामागे दोन्ही बाजूंना हवेने भरलेली एकेक पोकळी, म्हणजेच हा सायनस, असते. मोठ्या माणसात तिच्यात सुमारे १५ मिलिलिटर, म्हणजे तीन छोटे चमचे पाणी मावेल. वरच्या दाढांची मुळे थेट तिच्या तळाला भिडतात. काहींच्या मुळांवर हाडाचा पापुद्राही नसतो, नुसते पातळ अस्तर असते. दाढ उपटताना ते फाटले, की वाट मोकळी होते.

या पोकळीला नाव मिळाले तेही अशाच एका दातामुळे. इंग्लंडमधील शेरबोर्न गावचे वैद्य नॅथॅनिएल हायमोर यांच्याकडे एक बाई आल्या. वरचा सुळा काढल्यापासून त्यांच्या हिरडीतून सतत स्राव येई. बाईंनी स्वतःच भोकात चांदीची सळई घातली, मग पीस घातले. ते जवळजवळ पूर्ण आत गेले, तेव्हा ते मेंदूपर्यंत पोचले असे वाटून त्या हादरल्या. हायमोर यांनी त्यांना ही पोकळी समजावून दिली आणि १६५१च्या शरीररचनेवरील ग्रंथात तिचे वर्णन केले. तेव्हापासून ती ‘हायमोरचे विवर’ म्हणून ओळखली जाऊ लागली. लिओनार्दो दा विंचीने मात्र ती १४८९च्या सुमारासच रेखाटली होती.

चूळ भरताना पाणी नाकातून येणे, ही अशा छिद्राची सर्वांत बोलकी खूण. तोंडाला खारट चव येते, आवाज बदलतो, पुढे एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव सुरू होतो. असे झाल्यास ‘सर्दी असेल’ म्हणून थांबू नये, दंतवैद्याला गाठावे. नाक दाबून जोराने हवा फुंकण्याची घरगुती परीक्षा तर टाळावीच, कारण लहान भोक त्याने मोठे होते.

दोन मिलिमीटरपेक्षा लहान छिद्र बहुधा रक्ताची गुठळी धरून आपोआप भरते. मात्र सुमारे दोन आठवडे नाक शिंकरायचे नाही, शिंक तोंड उघडे ठेवून द्यायची, स्ट्रॉ, बिडी-सिगारेट, बासरी, शंख सगळे बंद. मोठ्या छिद्रावर गालाकडील हिरडीचा पदर ओढून टाके घालतात. हे लवकर झाले तर बरे. काही आठवड्यांत भोकाच्या कडेने त्वचेसारखे अस्तर वाढते आणि त्याची कायमची नळी बनते. मग आधी सायनसमधला जंतुसंसर्ग आटोक्यात आणावा लागतो आणि त्यानंतरच नळी काढून भोक शिवता येते.