सात-बारा ते सोसायटी : मोशीची पन्नास वर्षं

स्मरणिका समितीने मला 'सोसायटीचा इतिहास' लिहायला सांगितला. सभा, ठराव, रंगकाम, लिफ्ट हे सगळं सेक्रेटरींच्या अहवालात आलेलं आहेच, ते मी परत लिहीत नाही. मी थोडं आधीचं आणि कंपाऊंडच्या बाहेरचं लिहितो. आपल्या तीन विंग ज्या जमिनीवर उभ्या आहेत ती जमीन शेताची सोसायटी कशी झाली, आणि अजून पूर्ण का झालेली नाही, हा माझा विषय.

मोशी हे मुळात नदीकाठचं गाव. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते, देहूवरून मोशीला येते, पुढे आळंदी करून तुळापूरला भीमेला मिळते. म्हणजे तुकोबा आणि माउली यांच्या मधलं आपलं गाव. ग्रामदैवत नागेश्वर महाराज. उत्सवानंतर मानाच्या वस्तूंचा लिलाव होतो तो नवीन रहिवाशांनी एकदा तरी जाऊन पाहावा. लाखांच्या बोली लागतात. गावात जमिनीचा पैसा किती आला हे कळायला दुसरा कुठला अहवाल वाचायला नको.

हा पैसा आला पुणे-नाशिक रस्त्यामुळे आणि कारखान्यांमुळे. पिंपरीला पन्नासच्या दशकात हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग भोसरीचा पट्टा उभा राहिला. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका. मोशी या सगळ्यापासून जवळ होती, पण त्यात नव्हती. कामगार भोसरीत राहायचा, मोशीतून ज्वारी-बाजरी आणि भाजी यायची, इतकाच संबंध.

पहिला मोठा फरक १९७२ च्या नवनगर विकास प्राधिकरणाने केला. कामगारांना परवडणारी घरं मिळावीत म्हणून शेतकऱ्यांच्या जमिनी संपादित झाल्या, सेक्टर आखले गेले, रुंद रस्ते आले. मोशीच्या बाजूचे सेक्टर त्यातलेच. आज तिकडे फिरायला गेलं की आपण म्हणतो, काय सुंदर आखणी आहे! आखणी सुंदर आहेच. पण ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या साडेबारा टक्के परताव्याचा प्रश्न पुढे कित्येक वर्षं फायलीत फिरत राहिला, हेही त्याच रस्त्यांचं मोल आहे. २०२१ मध्ये प्राधिकरण विसर्जित होऊन पीएमआरडीए आणि महापालिकेत विभागलं गेलं. जुने लोक अजून पत्ता सांगताना 'प्राधिकरण' म्हणतात, म्हणू देत.

कचरा डेपो मात्र कुणी पत्त्यात सांगत नाही. १९९१ पासून सगळ्या शहराचा कचरा मोशीत येतो. आपण बुकिंग केलं तेव्हा वारा कुठून वाहतो हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. तिथे आता कचऱ्यापासून वीज तयार करायचा प्रकल्प झाला, रोज सातशे टन कचऱ्याचा. ऑगस्ट २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. सी विंगच्या खिडक्या पावसाळ्यात तरीही बंदच असतात.

आता १९९७. आपल्या सोसायटीची खरी जन्मतारीख मी २००० धरत नाही, हीच धरतो. त्या वर्षी मोशी, चिखली, चऱ्होली, दिघी, वाकड, रावेत अशी अठरा गावं महापालिकेत घेतली गेली. एका रात्रीत ग्रामपंचायतीचं गाव शहर झालं. इंद्रायणीचा पूल ओलांडला की पलीकडे चिंबळी, तालुका खेड; अलीकडे महापालिका. जाहिरातीत 'महापालिका हद्दीत' असं ठळक छापलेलं असायचं आणि त्या दोन शब्दांवर आपल्यापैकी निम्म्यांनी घर घेतलं. मीही त्यातलाच. भोसरीतल्या एका कारखान्यात फिटर होतो. कर्जाचं व्याज चौदा टक्क्यांच्या आसपास होतं. शाळेतल्या पोरांना आज हे सांगितलं तर खोटं वाटतं.

तेव्हा सगळा व्यवहार 'सुपर बिल्ट-अप'मध्ये चालायचा. कागदावर सहाशे दहा फूट, फरशीवर टेप लावला की साडेचारशेच्या आत. २०१७ मध्ये रेरा आला आणि कार्पेट एरियावर विकणं बंधनकारक झालं. नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेणाऱ्या आपल्या मुलांना हा कायदा फुकट मिळाला आहे. आपल्याला मोफा होता, १९६३ चा. कायदा वाईट नव्हता. तो पाळला जात होता की नाही ते पाहणारं कुणी नव्हतं.

घरं आधी आणि गिऱ्हाईक मागून असंही झालं नाही, गिऱ्हाईक येतच होतं. बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या, पाठोपाठ महिंद्रा. त्यांना सुटे भाग पुरवणारे छोटे-मोठे कारखाने तर मोजता येणार नाहीत. चाकणला नोकरी आणि शहरात शाळा-दवाखाना हवा असलेल्या माणसाला मधोमध मोशीच सापडते. २००१ च्या जनगणनेत शहर दहा लाखांच्या आसपास होतं, २०११ मध्ये सव्वासतरा लाखांवर गेलं. रस्ता मात्र तोच. सकाळी सात वाजता नाशिक रोडवर कंपनीच्या बसेसची रांग पाहिली आहे ना? नाशिक फाटा ते खेड तीस किलोमीटरच्या आठ पदरी उन्नत मार्गाला केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली, खर्च ७,८२७ कोटी. तो झाला की रांग वरच्या मजल्यावर जाईल असं आमच्या कट्ट्यावरचं मत आहे.

पाण्याचं सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. आपल्या नळाला येणारं पाणी मावळच्या डोंगरातलं. पवना धरणातून नदीत सोडायचं, रावेतच्या बंधाऱ्यावर उचलायचं, ही जुनी व्यवस्था. धरणापासून थेट बंद जलवाहिनी टाकायची योजना आली तेव्हा मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलनावर गोळीबार झाला आणि तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. नोव्हेंबर २०१९ पासून शहराला दिवसाआड पाणी आहे. आता आंद्रा धरणाचं पाणी निघोजे बंधाऱ्यावर उचलून चिखलीच्या शुद्धीकरण केंद्रात आणलं जातं, भामा आसखेडच्या पाण्याची योजनाही त्यालाच जोडलेली आहे. टाकी भरून वाहू लागली की वॉचमनला हाक मारण्याआधी एवढं लक्षात असू द्या. आपल्याकडे टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये वेगळं दाखवायला सुरुवात झाली ती बी विंगच्या काकूंच्या हट्टामुळे, आणि ते बरंच झालं. आकडा दिसला तशी बेसिनखाली बादल्या दिसू लागल्या.

नदीनेही हिशेब मागितला आहे. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत बांधलेले छत्तीस बंगले राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानुसार १७ मे २०२५ रोजी पाडले गेले. सर्वोच्च न्यायालयातही त्यांना दिलासा मिळाला नव्हता. लोकांनी आयुष्यभराची कमाई घातली होती, वीज-मीटर होते. आपली सोसायटी पूररेषेपासून लांब आहे, मंजूर नकाशा आहे, त्यामुळे ती बातमी वाचून आपण सुटकेचा श्वास सोडला. पण सात-बारा तेव्हाच कुणीतरी काढून पाहायला हवा होता.

मी या लेखासाठी काढला. मोबाईलवर पाच मिनिटांत निघतो. आपल्या गटावर आजही मूळ मालकांची नावं आहेत, इतर हक्कात बिल्डरचं विकसन करारनाम्याचं नाव आहे, आणि अठ्ठेचाळीस कुटुंबांचा पत्ता नाही. सोसायटी नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, करून द्यावं असा मोफाचा नियम आहे. पंचवीस वर्षं झाली. पहिल्या कमिटीने पत्रं पाठवली, दुसरीने चहा पाजला. बिल्डरची पुढची पिढी आता फोन उचलत नाही.

यात बिघडलं काय, असं नवीन सभासद विचारतात. घर तर आपलंच आहे. बिघडतं ते असं. समोरचा रस्ता विकास आराखड्यात रुंद दाखवला आहे. उद्या कंपाऊंडची पट्टी रस्त्यात गेली तर तिचा मोबदला, पैसे असोत, एफएसआय असो किंवा टीडीआर, जमिनीच्या मालकाला मिळतो. कागदावर मालक आपण नाही. तीच गत पुनर्विकासाची. २०१९ च्या शासन निर्णयाने एक्कावन्न टक्के सभासदांची संमती पुरेशी केली, पण एकमत झालं तरी जमीन नावावर नसलेल्या सोसायटीशी कुठला विकसक किती घासाघीस करेल ते तुम्हीच ठरवा. इमारती अजून चांगल्या आहेत, प्लास्टर सांगतंय की आणखी पंचवीस वर्षं तशा राहणार नाहीत.

२००८ मध्ये कायदा बदलला आणि मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. बिल्डर आला नाही तरी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, सुनावणी होते, आदेश मिळतो, दस्त नोंदवून सात-बाऱ्यावर सोसायटीचं नाव लागतं. आजूबाजूच्या काही सोसायट्यांनी हे केलं आहे. आपल्या मागच्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला, वकीलही ठरले. अडलंय ते कागदांवर. अठ्ठेचाळीसपैकी एकतीस फ्लॅटचे नोंदणीकृत करारनामे आणि इंडेक्स-टू ऑफिसात जमा आहेत. सतरा बाकी आहेत. त्यातले सहा फ्लॅट पुन्हा विकले गेलेत, तिथे पहिल्या खरेदीदाराचा करारही लागेल. मंजूर नकाशाची मूळ प्रत जुन्या खजिनदारांच्या घरी असावी असा माझा अंदाज आहे.

समारंभाला सगळे येणारच आहात. येताना कपाटातली ती पिवळी फाईल घेऊन या. गेटजवळच्या टेबलावर मी बसलेला असेन. झेरॉक्स तिथेच काढून मूळ कागद लगेच परत देऊ.