संघाची थैली : मोहमेडन स्पोर्टिंग ते मुंबई सिटी

कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने १९३४ साली पहिल्या डिव्हिजनमध्ये पाऊल ठेवले आणि त्याच वर्षी लीग जिंकली. ती जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब. पुढे १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे लीग त्यांच्याकडेच राहिली. आपल्याकडे ही गोष्ट बहुधा दोन प्रकारे सांगतात. कुणी गोऱ्या पलटणींना हरवल्याचा अभिमान म्हणून, तर कुणी त्या दशकातल्या मुस्लिम राजकारणाचे एक पान म्हणून. दोन्ही ठीक आहे. मला मात्र तिसराच प्रश्न पडतो. या क्लबने आपला पैसा नेमका कुठे घातला?

हा प्रश्न पडायला कारण आहे. जळगाव-धुळ्याच्या मोहल्ल्यांत आज फुटबॉलचे जे छोटे क्लब चंद्यावर चालतात, त्यांच्या बैठकांत दरवर्षी याच मुद्द्यावर आवाज चढतात. थैली छोटी असते. तिच्यात बाहेरगावचे खेळाडू आणायचे की आपली पोरे घडवायची?

मोहमेडनने बाहेरचे आणले, हे आधी मान्य करू. बंगळूर, क्वेट्टा अशा लांबलांबच्या ठिकाणांहून खेळाडू कलकत्त्याला आले. त्या काळी उघड पगार द्यायची सोय नव्हती. कागदावर सगळेच हौशी. राहण्या-जेवणाची व्यवस्था, एखादी नोकरी, वरखर्च, असा एकंदर व्यवहार चाले. म्हणजे खेळाडूला बोलावण्याची स्पर्धा होतीच, तिला आजच्यासारखे नाव तेवढे नव्हते.

पण त्या क्लबने आणखी एक गोष्ट केली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. बहुतेक भारतीय खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. कोरड्या मैदानावर अनवाणी पाय बुटाला भारी पडे. पण कलकत्त्याची लीग ऐन पावसाळ्यात, आणि चिखलात बूट घातलेल्या पलटणीच वरचढ ठरत. मोहमेडनने ओल्या मैदानावर आपल्या खेळाडूंना बूट घालून उतरवले. नावाजलेला फॉरवर्ड आणल्याची बातमी होते, बुटांची होत नाही. तरी चिखलात पाय रोवून उभे राहणारे अकरा जण मिळाले ते या बुटांमुळे.

१९४० साली याच क्लबने दिल्लीत ड्युरँड आणि मुंबईत रोव्हर्स असे दोन्ही कप नेले. रोव्हर्सच्या फायनलमध्ये समोर होते बँगलोर मुस्लिम्स, म्हणजे १९३७ मध्ये रोव्हर्स जिंकणारा पहिला भारतीय संघ. ज्या शहरातून मोहमेडनने खेळाडू नेले, त्याच शहराचा संघ अंतिम सामन्यात उभा होता, याची मला मौज वाटते. खेळाडू गेले तरी बंगळूरचा झरा आटला नव्हता. (कलकत्ता-मुंबई रेल्वे आपल्या भुसावळवरूनच जाते. त्या वर्षी फलाटावर कुणी त्यांना चहा पाजला असेल का, हा विचार दर वेळी मनात येतो.)

मुंबईत पुढे कंपन्यांचे दिवस आले. टाटा, कालटेक्स, मफतलाल, रेल्वे. इथे नोकरी हाच पगार होता. आजची मंडळी या पद्धतीला जुनाट म्हणतात, पण तिच्यात एक शिस्त आपोआप होती. जागा मोजक्याच असत. घेतलेला खेळाडू तिशीनंतरही हजेरीपटावर राहणार, म्हणून माणूस पारखून घ्यावा लागे. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात खेळाच्या कोट्यातली नोकरी म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. घरादाराचे आयुष्य त्यावर उभे राहते.

पगाराला लिखित मर्यादा घालण्याचा प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेतला, तोही हाताने खेळल्या जाणाऱ्या त्यांच्या फुटबॉलमधला. १९९३ मध्ये तिथे करार संपलेल्या खेळाडूला दुसऱ्या संघात जायची मोकळीक मिळाली आणि १९९४ मध्ये प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर ३ कोटी ४६ लाख डॉलरचे झाकण बसले. मोकळीक आणि झाकण अशी ही जोडी आहे. मोकळीकच असती तर श्रीमंत संघाने सगळे उचलले असते. झाकण आले की एका माणसावर टाकलेला प्रत्येक रुपया दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातून जातो. इंडियन सुपर लीगनेही पुढे हीच वाट धरली. २०२०-२१ च्या हंगामात एका संघाच्या पगारांची मर्यादा साडेसोळा कोटी रुपये होती.

आता मुंबई सिटीचा हिशेब पाहा. २०१४ मध्ये लीग सुरू झाली तेव्हा या संघाने फ्रेडी युंगबर्ग आणि निकोलस अनेल्का ही दोन जगप्रसिद्ध नावे आणली. अनेल्काने इस्लाम स्वीकारलेला, म्हणून आमच्या भागातल्या पोरांना त्याचे विशेष कौतुक. युंगबर्ग दुखापतीमुळे चारच सामने खेळला. संघ आठांत सातवा आला. २०१५ च्या लिलावात सुनील छेत्रीसाठी १ कोटी २० लाख मोजले, अनेल्काला प्रशिक्षकाचीही जबाबदारी दिली, आणि संघ सहावा आला.

यावरून मोठे नाव म्हणजे पैसा पाण्यात, असे म्हणावे, तर २०१६ आडवे येते. त्या वर्षी दिएगो फोर्लान आला, संघ गुणतक्त्यात पहिला राहिला, फक्त उपांत्य फेरीत कोलकात्याकडून हरला. फोर्लान सदतीस वर्षांचा होता, पण तो खेळत होता, आणि त्याच्याभोवती संघ बांधलेला होता. युंगबर्गच्या वेळी पोस्टर तयार होते, संघ व्हायचा होता.

खरा धडा २०२० चा. आदल्या हंगामात गुणतक्त्यात पहिला आलेला संघ एफसी गोवा. मुंबईने त्यांचे घडवणारे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा घेतले आणि मागोमाग त्यांच्या हाताखाली खेळलेले ह्यूगो बुमूस, अहमद जाहूह, मुर्तदा फॉल, मंदार राव देसाई हेही घेतले. मागे सिटी फुटबॉल ग्रुपचा पैसा होता, हे खरे. पण मर्यादा सगळ्यांना सारखीच होती. मुंबईने त्या मर्यादेत एकमेकांची सवय विकत घेतली. जाहूह चेंडू कुठे टाकणार हे फॉलला आधीच माहीत होते. ही सवय लावायला इतरांना दोन हंगाम लागतात.

१३ मार्च २०२१ ला फातोर्ड्यात फायनल झाली. गंमत अशी की विकत आणलेला हिरा जाहूह, त्याच्याच पायातून चेंडू निसटला आणि एटीके मोहनबागानने पहिला गोल केला. स्वयंगोलाने बरोबरी झाली. शेवटी नव्वदाव्या मिनिटाला गोल केला तो २०१८ पासून मुंबईत असलेल्या मणिपूरच्या बिपिन सिंहने. २-१. शिल्ड आणि ट्रॉफी दोन्ही एकाच वर्षी.

पुढच्याच वर्षी लोबेरा गेले, बुमूस आणि कर्णधार अमरिंदर सिंह मोहनबागानकडे गेले आणि मुंबई पाचवी आली. विकत घेतलेली सवय विकलीही जाते.

आणि ज्यांना हे गणित जमलेच नाही त्यांचे काय झाले? एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये पैशाअभावी बंद पडला. त्याआधी महिंद्रा युनायटेड, जो २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकला होता, तोही २०१० मध्ये कंपनीने मिटवला. ट्रॉफीही क्लबला वाचवत नाही. अशा वेळी मोठ्या खेळाडूला दुसरा करार मिळतो, पण राखीव बाकावरचा एकोणीस वर्षांचा मुलगा घरी येतो. त्याचे नाव कुठे छापून येत नाही.

आमच्या खान्देशातल्या क्लबांना कुणी मर्यादा घालून दिलेली नाही. चंदा संपला की मर्यादा आपोआप येते. मी जी बैठक दरवर्षी पाहतो तिच्यात बुजुर्ग म्हणतात, चार चांगले खेळाडू बाहेरून आणा, स्पर्धा जिंकली की पुढचा चंदा सोपा. त्यांचे म्हणणे पोकळ नाही. मोहमेडनने तेच केले होते. पण आणलेली माणसे तिथे वर्षानुवर्षे खेळली. इथे ती दोन रात्रींसाठी येतात, गाडीभाडे आणि पाकीट घेऊन सोमवारी परत जातात. ज्या पोराने वर्षभर रोज फजरनंतर मैदानावर धाव घेतली, तो ऐन स्पर्धेत पाण्याच्या बाटल्या उचलतो. अशी दोन वर्षे गेली की तो यायचा थांबतो, आणि त्याचा धाकटा भाऊ येतच नाही.

बाहेरचा आणायचाच असेल तर एक आणावा, मधल्या फळीचा, वयाने थोडा मोठा, आणि हंगामभरासाठी. त्याच्याशी करार करताना संध्याकाळच्या सरावात पोरांना शिकवण्याचे कामही त्याच्याकडे द्यावे. उरलेल्या पैशात बूट घ्यावेत. यंदाच्या बैठकीत मी हे मांडले, तेव्हा खजिनदार चाचांनी वही उघडून बुटांच्या एका जोडीचा भाव विचारला आणि मग चौदा वर्षांखालच्या पोरांची संख्या. गुणाकार अजून चालू आहे.